परत बंद पडली की आणा!

कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल : "आत्ता तर मस्त चालतेय हो! परत बंद पडली की आणा." गाडीवाला बिचारा मान हलवतो, चावी घेतो आणि निघतो. गाडी परत बंद पडते ती गॅरेजसमोर नाही, तर भर घाटात, मागे ट्रकची रांग असताना.

मला या वाक्याचा राग येतो. पण खरा राग गॅरेजवाल्यावर नाही, आपल्यावर आहे. आपण चार वर्षं मेकॅनिकल शिकतो, आणि हा प्रश्न आपल्या एकाही जर्नलमध्ये येत नाही. ऑटोमोबाईल लॅबचं शेवटचं प्रॅक्टिकल आठवा. 'ट्रबल शूटिंग'. डावीकडे कारण, उजवीकडे उपाय. इंजिन बंद पडते : प्लग खराब, बदला. पंप खराब, बदला. मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवायचं, सही घ्यायची, विषय संपला. त्या तक्त्यातला प्रत्येक फॉल्ट शहाण्या मुलासारखा जागेवर बसून राहतो, आपण जाऊन पकडेपर्यंत! खऱ्या जुन्या गाडीतला फॉल्ट तसा नसतो. तो येतो, जातो, आणि दाखवायला नेलं की लपतो. दाताच्या डॉक्टरकडे पोहोचल्यावर ठणका थांबतो ना, अगदी तसा.

(मी कॉन्व्हेंटची. तेव्हा सांगून ठेवते, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासलं आहे, इंजिन मी तपासलं आहे.)

ही उठाठेव सुरू झाली माझ्या साताऱ्याच्या मामामुळे. त्याची २००४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमपीएफआय. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर फिटनेस करून, पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून घेतलेली. आजीला तपासणीसाठी पुण्याला न्यायला-आणायला तीच गाडी. गेल्या उन्हाळ्यात ती बंद पडायला लागली. सकाळी पुण्याला जाताना काही नाही. दुपारी परतताना खंबाटकी चढायला लागलं की एकदम गप्प. अर्ध्या तासाने सेल्फ मारला की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. तीन गॅरेज झाली. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले, तिसऱ्याने चक्क पेट्रोल पंप बदलला. चौथ्या एका जाणकाराने गाडी न बघताच निकाल दिला, की सगळं पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतं.

आता इथेनॉल पूर्ण निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ते पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील काही वीस टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. पण तेच पेट्रोल सकाळीही टाकीत होतं ना? मग सकाळी गाडी का बंद पडली नाही? हा एवढा साधा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या प्रश्नाभोवतीच आहे. फॉल्ट सतत नसतो, ही अडचण नाही. तोच तर पुरावा आहे! कधी होतं आणि कधी होत नाही, हे दोन्ही लिहून ठेवलं की निम्मं काम झालं.

मी मामाला एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, बंद पडली की लगेच लिहायचं. किती किलोमीटर झाले, इंजिन गरम की थंड, टाकीत पेट्रोल किती, बंद पडायच्या आधी झटके आले का, डॅशबोर्डवरचे दिवे चालू होते का, टॅकोचा काटा काय करत होता, आणि किती वेळाने चालू झाली. मामा म्हणाला, "अगं, घाटात मागून हॉर्न वाजत असतात, तेव्हा मी काटा बघू की आजीला सांभाळू?" मग आजीलाच काटा बघायला बसवलं. आजी हे काम अतिशय चोख करते, आमच्या लॅब असिस्टंटपेक्षाही चोख.

काट्याला एवढं महत्त्व का? गाडी गिअरमध्ये धावत असताना पेट्रोल तुटलं, तर इंजिनमध्ये स्फोट होत नाहीत, पण क्लच दाबलेला नसेल तर चाकं इंजिनला फिरवत राहतात. त्यामुळे काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली येतो, आणि बहुतेक वेळा आधी झटकेही बसतात. पण इंजिन फिरतंय आणि काटा मात्र एका क्षणात शून्यावर, असं झालं तर? याचा अर्थ इंजिन फिरत असल्याची बातमीच इसीयूपर्यंत पोहोचलेली नाही (या गाडीत टॅकोला सिग्नल इसीयूकडूनच जातो). मुख्य सप्लाय तुटला असता तर डॅशबोर्डही गेला असता. वहीत सात नोंदी झाल्या. सातही वेळा इंजिन गरम, झटका नाही, दिवे चालू, आणि काटा धाडकन शून्य. टाकी कधी भरलेली, कधी रिकामी, म्हणजे तिचा संबंध नाही. नवा पंप घातल्यावरही तेच. पंप निर्दोष होता, पैसे मात्र गेले.

संशय उरला तो क्रँक सेन्सरवर. क्रँकशाफ्टच्या दातेरी चक्राजवळ बसलेली, बारीक तांब्याच्या तारेची एक गुंडाळी. दात समोरून गेला की तिच्यात छोटासा व्होल्टेज तयार होतो, त्यावरून इसीयूला कळतं की ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल कधी सोडायचं. तारेला आतून तडा गेला असेल तर थंडीत टोकं चिकटलेली राहतात, आणि गरम झालं की प्रसरणाने सुटतात. सिग्नल बंद, म्हणजे ठिणगी बंद आणि पेट्रोलही बंद. अर्ध्या तासात थंड झालं की टोकं परत चिकटतात. स्कॅनर लावला तर कोड सापडतोच असंही नाही. पल्स आले नाहीत की बऱ्याच जुन्या इसीयूंना वाटतं, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं असेल. मग तो कशाला तक्रार नोंदवेल?

सेन्सर काढून मल्टिमीटरला जोडला. थंड असताना वाचन अगदी मॅन्युअलप्रमाणे. मग हेअर ड्रायरने गरम करायला सुरुवात केली. (रेक्टर मॅडम, हेअर ड्रायर मामीचा होता. हॉस्टेलच्या नियमांची मला पूर्ण कल्पना आहे.) आता इथे एक गंमत बघा. गरम झाल्यावर रोध वाढला म्हणून लगेच "सापडला!" असं ओरडायचं नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे तापमान ६० अंशांनी चढलं की सुमारे २३ टक्के वाढ होणारच. चांगल्या सेन्सरचीही होणार. हे आपण पहिल्या वर्षी फिजिक्सला पाठ केलं, आणि पेपर देऊन विसरलो! वाचन चढत चढत गेलं आणि मग एकदम ओपन. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने वाचन परत आलं. तीनदा केलं, तीनदा तेच. ही झाली परीक्षा. फॉल्टला आपल्याला हवा तेव्हा बोलावता आणि घालवता आला, तरच तो सापडला असं म्हणायचं. (तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर हा ओहमचा प्रयोग चालत नाही, तिथे सिग्नलच बघावा लागतो.)

कुणी म्हणेल, एका जुन्या गाडीच्या एका सेन्सरचं एवढं काय कौतुक? बंद पडली तर ढकलायची. तर त्यांच्यासाठी जनरल मोटर्सची गोष्ट. ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात का नाही, हे मला कळत नाही.

अमेरिकेत शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांतल्या काही गाड्या धावता धावता बंद पडत असत. इग्निशन स्विचमध्ये चावीला जागेवर धरून ठेवणारा एक छोटा स्प्रिंगवाला प्लंजर असतो, तो कमी पडत होता. जुडगा जड असला, गुडघा लागला किंवा खड्ड्यात गाडी आदळली की चावी आपोआप मागे सरकायची. कंपनीतल्या इंजिनिअरांना हे गाडी बाजारात येण्याच्या सुमारासच माहीत झालं होतं. पण त्यांनी ते 'ग्राहकाच्या सोयीचा' प्रश्न या खात्यात टाकलं. गाडी बंद पडते, परत चालू करता येते, मग त्यात सुरक्षेचा काय संबंध? डिसेंबर २००५ मध्ये डीलरांना पत्रक गेलं : जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. पत्रकाच्या मथळ्यातच होतं की कोड सापडत नाही. "परत बंद पडली की आणा", फक्त इंग्रजीत!

संबंध असा होता की चावी मागे सरकली की इंजिनबरोबर एअरबॅगची वीजही जात होती. एकीकडे 'गाडी बंद पडते' अशा तक्रारी, दुसरीकडे 'अपघातात एअरबॅग उघडली नाही' अशा फाइली, आणि दोन्हींचं मूळ एक आहे हे वर्षानुवर्षं कुणी जुळवलं नाही. त्यात कहर म्हणजे २००६ मध्ये प्लंजर गुपचूप सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे नंतर तपास करणाऱ्यांना कळेना, की जुन्याच गाड्यांत हे का होतं आणि नव्यात का नाही. २०१० साली जॉर्जिया राज्यात कोबाल्ट चालवणाऱ्या एका तरुणीचा मृत्यू झाला. गाडी बंद पडते म्हणून ती काही दिवस आधीच दाखवायला नेली होती. त्या खटल्यात वकिलाने नेमलेल्या एका इंजिनिअरने अपघातग्रस्त गाडीचा स्विच आणि दुकानातून आणलेला त्याच नंबरचा नवा स्विच शेजारी शेजारी ठेवले, खोलले, मोजले, आणि फरक दिसला. बस्स, एवढंच! २०१४ मध्ये जगभरातल्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, पंधरा जणांना नोकरीवरून काढलं, २०१५ मध्ये ९० कोटी डॉलरचा दंड झाला. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली.

आणि एअरबॅग नसलेल्या आपल्या जुन्या गाड्यांचं काय? इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पाय रोवून दाबावं लागतं. मामाला हे कुठल्याच गॅरेजमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिन्ही ठिकाणी तक्रार 'सोयीच्या' खात्यातच गेली.

तरी गॅरेजवाल्यांची बाजू घ्यायलाच हवी. त्यांनी दोन दिवस गाडी घेऊन घाटात फेऱ्या मारल्या आणि एक सेन्सर बदलला, तर त्या दोन दिवसांचे पैसे कोण देणार? आपण देत नाही. "नुसतं चेक करायचे एवढे?" म्हणून वाद घालतो. जुना पार्ट कागदात गुंडाळून दाखवला की मात्र मुकाट्याने बिल देतो. निदानाला शून्य किंमत आणि पार्टला पूर्ण किंमत, असं आपणच ठरवल्यावर समोरचा पार्टच बदलणार!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या लॅबमध्ये कापून रंगवलेलं इंजिन आहे, ते व्हिजिटर्सना दाखवायला राहू द्या. त्याच्या शेजारी एक जुनी, चालती गाडी हवी. सरांनी गुपचूप तिच्यात असा फॉल्ट घालावा, जो कधी असेल, कधी नसेल. रिलेची पिन सैल करा, अर्थिंगचा नट अर्धा सोडा, वायर कपलरमध्ये चेपून ठेवा. मग व्हायवामध्ये "कोणता पार्ट?" हे विचारू नका. "कोणता पार्ट नाही, आणि तुला कसं कळलं?" हे विचारा.

एका सरांशी बोलले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला, फॉल्ट परीक्षेच्या वेळी आलाच नाही तर मार्क कशाला द्यायचे? वहीला द्या सर. फॉल्ट आला नाही, हीसुद्धा नोंदच आहे. दुसरा, आता इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत, हे जुनं कशाला उकरायचं? हे मला अजिबात पटत नाही. कार्ब्युरेटर जाईल, क्रँक सेन्सर जाईल, पण कपलर, सोल्डर, वायर आणि उष्णता कुठे जाणार? तिथे तर ते जास्तच असतील, आणि वर सॉफ्टवेअर.

विभागप्रमुखांकडे अर्ज दिला आहे. खाली आम्हा अकरा जणांच्या सह्या आहेत. गाडी मिळेपर्यंत थांबायची आमची तयारी नाही, तेव्हा स्टाफपैकी कुणाची गाडी अशी कारणाशिवाय बंद पडत असेल, तर कृपया गॅरेजला नेण्याआधी गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा. दोनशे पानी वही आम्ही देऊ. हेअर ड्रायरची सोय मात्र तुम्हाला करावी लागेल.