कामाची शिस्त फळ्यावर येत नाही

‘व्होकेशनलच्या मुलांना कामाची शिस्तच नाही’ हे पत्र वाचले. सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारलेला पटला नाही. अकरावी-बारावीच्या या व्होकेशनल अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आहेच. पण नाशिकच्या अंबड-सातपूरला काही कारखान्यांत या मुलांना झाडलोटीला लावतात, चहाला पिटाळतात. मग ती शिकणार काय? पाळी संपताना मशीन पुढच्याच्या ताब्यात कसे द्यायचे, व्हर्नियरचे माप लगेच का लिहायचे, बिघडलेला जॉब का लपवायचा नाही, हे जाणत्या कारागिराशेजारी उभे राहूनच कळते. अशा शिकण्यासाठीच तर शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, तोही 1961चा. 1986च्या दुरुस्तीने त्यात याच मुलांसाठी उमेदवारांचा स्वतंत्र प्रकारही आला. तेव्हा कारखानदारांनी निदान प्रत्येक मुलामागे एक कामगार नेमून द्यावा आणि मुलाची प्रगती दर आठवड्याला शिक्षकांना कळवावी.

– एक निवृत्त सुपरवायझर, सिडको, नाशिक