गाणारणीचं नाव छापा

दिवाळी अंकासाठी येणारी लोकगीतं बहुधा धुऊनपुसून येतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी संग्राहकाने गाळलेल्या असतात आणि खाली नुसतं 'पारंपरिक' लिहिलेलं असतं. यंदा अशी गीतं आम्ही साभार परत केली. त्यामागची भूमिका वाचकांपुढे मांडायला हवी.

पण पुन्हा पुन्हा येणारे शब्द फालतू नसतात. होमरच्या महाकाव्यातला अकिलीस बसून असला तरी 'वेगवान पायांचा'च असतो. पंडितांना हे खटकत आलं होतं. मिल्मन पॅरी या तरुण अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिलं, की असे ठरीव शब्द वृत्तातल्या ठरलेल्या जागी नेमके बसतात. गाता गाता रचणाऱ्याला तेच हात देतात. पडताळा घ्यायला तो 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियातल्या गायकांचं ध्वनिमुद्रण करत हिंडला. अव्दो मेजेदोविच या निरक्षर खाटकाने तिथे बारा हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगून लिहवलं. 1935 च्या अखेरीस, अवघ्या तेहतिशीत पॅरी गेला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्डचा याच कामावरचा ग्रंथ यायला 1960 उजाडलं.

आपल्याकडे त्याच तोलाचं काम गुंथर सोन्थायमर यांनी केलं. हायडेलबर्गचा हा प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन धनगरांमध्ये जाऊन बसे. बिरोबाची ओवी गाऊन झाली की धनगर तोच भाग बोलून उलगडतात. सोन्थायमरांनी गाणंही टिपलं आणि सांगणंही. 1992 मध्ये ते वारले. गाणं अखंड जपलेलं होतं, म्हणूनच अ‍ॅन फेल्डहाउस, रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांना त्यातल्या दोन कथा 2014 मध्ये इंग्रजीत आणता आल्या.

आणि आपण? वसईच्या पूर्व पट्ट्यात, वारली पाड्यांवर, भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते, आणि लग्नविधी करणारी धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही. पश्चिमेला कादोडी बोलणाऱ्या घरांत लग्नाची गाणी जाणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. महाविद्यालयात साहित्य शिकणारी त्यांची नातवंडं त्याच ओटीवर बसून परीक्षेसाठी महाकाव्याची लक्षणं पाठ करतात. हे मनाला लागतं.

या मुलांना आमची विनंती आहे. आजीची हरकत नसेल तर फोनवर गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या. पुनरुक्ती, अडखळणं, मध्येच शेजारणीने पुरवलेली ओळ, सगळं राहू द्या. काही दिवसांनी तेच गाणं पुन्हा म्हणवून घ्या. काय बदललं ते शेजारी मांडा. गाणारणीचं नाव, पाडा, प्रसंग लिहा. गाणं कितीही लांबलं तरी पुढच्या अंकात आम्ही ते पूर्ण छापू.