घटनेआधीची शाई

बायबलमधली भविष्यवचने खरी ठरली म्हणून ख्रिस्ती धर्म खरा, हा युक्तिवाद आता मोडीत काढावा, असे एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच मोठ्या ठसक्यात लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक धर्माच्या पोतडीत अशी भविष्ये असतातच. बहुतेक घटना घडून गेल्यावर लिहिलेली असतात. आधी लिहिलेली असली, तर ती इतकी मोघम असतात की कशालाही लागू पडावीत. मोघम नसली, तर शिष्यांनी गुरूचे चरित्र त्यांच्यावर बेतलेले असते. आणि शेवटी हुकमाचे पान टाकल्याच्या थाटात त्यांनी भविष्यपुराण पुढे केले आहे. त्यात आदम आहे, नोहा आहे, येशू आहे, मोगल आहेत, इंग्रज आहेत, व्हिक्टोरिया राणीसुद्धा आहे. बायबलमधले यशया संदेष्ट्याचे पुस्तक मानणाऱ्याने हेही मानावे, नाहीतर दोन्ही सोडून द्यावे, असा त्यांचा पेच.

हा पेच मला मान्य आहे. दोन्ही ग्रंथांना एकच कसोटी लावू.

आपस्तंब धर्मसूत्रात ‘भविष्यत्’ नावाच्या पुराणाचा उल्लेख येतो, तेव्हा ते नाव जुने आहे यात शंका नाही. पण राणीचे आणि इंग्रजांचे वर्णन ज्या प्रतिसर्गपर्वात येते, तो भाग आपल्यापुढे आहे तो मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ च्या सुमारास छापलेल्या ग्रंथात. राणी तेव्हा गादीवरच होती. संस्कृतचे अभ्यासक हा भाग अर्वाचीन मानतात, आणि तसे मानल्याने पुराणाच्या धर्मविचाराला काही बाध येत नाही. पण पुरावा म्हणून तो भाग पुढे करायचा असेल, तर इंग्रज इथे येण्याआधीची त्याची पोथी दाखवावी लागेल. ती दाखवा, मी यशयाशेजारी तिला जागा देईन. माझी अट एवढीच आहे की घटना घडण्याआधी शाई वाळलेली असली पाहिजे.

आता यशया. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी कुमरान इथल्या गुहेत बदाऊ मेंढपाळांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतली एक सव्वासात मीटरांहून लांब आहे. चामड्याचे सतरा तुकडे शिवून ती केलेली आहे, तिच्यावर चौपन्न स्तंभ आहेत आणि यशयाचे सहासष्टच्या सहासष्ट अध्याय तिच्यात आहेत. ती गुंडाळी साधारण ख्रिस्तपूर्व १२५ ची. अक्षराचे वळण पाहून अभ्यासकांनी काढलेल्या काळाला पुढे कार्बन चाचणीनेही दुजोरा दिला. तोवर हिब्रू जुन्या कराराच्या आपल्याला ठाऊक असलेल्या मोठ्या प्रती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या होत्या. ख्रिस्ती लोकांनी मधल्या काळात पाठात घुसखोरी केली असेल, असा संशय त्या दिवसापर्यंत घेता येत होता. आता घेता येत नाही. ज्यात दुःख सोसणारा एक सेवक आपल्या लोकांच्या अपराधांसाठी मारला जातो आणि ज्यात आम्ही ख्रिस्ती लोक येशूला पाहतो, तो त्रेपन्नावा अध्याय त्या चामड्यावर आहे. ते ज्यांनी लिहिले ते यहूदी होते, आणि पिलाताच्या न्यायासनापुढे कोणी उभा राहण्याआधी दीड शतक ते लिहून झाले होते.

इथे आमचे गृहस्थ म्हणतील की यशयाचा उत्तरार्ध आठव्या शतकातला नव्हे, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला आहे. पुष्कळ अभ्यासक तसे मानतात. म्हणून बाबेल जिंकणाऱ्या कोरेशाचे नाव यशयात आधीच येते, हा आमच्या प्रवचनांत नेहमी येणारा मुद्दा मी या वादात आणतच नाही. त्या भागाचा काळच वादात आहे, तर वादातल्या गोष्टीवर पुरावा कसा उभा करायचा? त्रेपन्नाव्या अध्यायाला मात्र ही अडचण नाही. आठवे शतक घ्या, सहावे घ्या, वाटल्यास त्या गुंडाळीचेच दुसरे शतक घ्या, तो क्रुसाच्या आधीचाच राहतो.

‘घटनेनंतर लिहिले’ हा आरोप करणाऱ्यांचा सगळा भर एका गृहीतावर असतो: पोथ्या सांभाळणारे लोक लबाड होते आणि संधी मिळताच त्या दुरुस्त करत होते. हे गृहीत मला सर्वांत जास्त खटकते, कारण ग्रंथ उघडून पाहण्याचेही कष्ट न घेता ते मांडले जाते. यहेज्केलाचा सव्विसावा अध्याय घ्या. सोर हे समुद्रकाठचे श्रीमंत बंदर. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर येऊन त्याचे बुरूज पाडील, त्याची संपत्ती लुटील, आणि शेवटी तिथे जाळी वाळत घालायचा उघडा खडक उरेल, असे भाकीत त्यात आहे. नबुखद्रेस्सर आला, तेरा वर्षे वेढा घालून बसला. सोर शेवटी नमले, पण जी लूट हाती यायची ती आली नाही. मग त्या पोथीत काय केले गेले? आमच्या गृहस्थांच्या समजुतीप्रमाणे कोणीतरी दिवा लावून बसायला हवे होते आणि सव्विसावा अध्याय घडल्या हकिकतीशी जुळवून घ्यायला हवा होता. तसे घडलेले नाही. उलट तीनच अध्याय पुढे, एकोणतिसाव्यात, त्याच यहेज्केलाच्या नावावर आणि तारखेनिशी एक वचन येते. आपल्या हिशेबाने ती तारीख ख्रिस्तपूर्व ५७१ ची. राजाने आणि त्याच्या सैन्याने सोरेवर एवढी मेहनत घेतली, डोकी टकली झाली, खांदे सोलून निघाले, तरी मजुरी पदरात पडली नाही, म्हणून आता त्यांना मिसर देतो, असा त्याचा आशय.

दोन्ही अध्याय एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवले गेले. अडीच हजार वर्षे ते कोणी खोडले नाहीत.

यावर माझ्याच बाजूचे काही वक्ते घाईने सिकंदराकडे धाव घेतात. ख्रिस्तपूर्व ३३२ मध्ये त्याने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचा राडारोडा समुद्रात टाकून बांध घातला आणि सात महिन्यांत बेटावरचे सोर घेतले, हे खरे आहे. त्या बांधाला वाळू साचून बेट किनाऱ्याला जोडले गेले, हेही खरे. प्रतिपक्ष लगेच सांगतो की लेबनॉनमध्ये सूर नावाचे शहर आजही नांदते आहे. तेही खरे आहे. पण सिकंदर आणि आजचे सूर यांच्या ओढाताणीत दोघेही एकोणतिसावा अध्याय वाचायचा विसरतात, आणि मला महत्त्वाचा तोच वाटतो. घटनेनंतर भविष्य रचणारी माणसे आपली अडचण अशी जपून ठेवत नाहीत.

मीखाचेही तसेच. यरुशलेम शेतासारखे नांगरले जाईल, असे तो म्हणाला, आणि त्याच्या हयातीत तसे झाले नाही. पुढे शंभरेक वर्षांनी यिर्मयावर मंदिराविरुद्ध बोलल्याबद्दल मरणाचा प्रसंग आला, तेव्हा देशातल्या वडीलधाऱ्यांनी उभे राहून मीखाचे तेच वचन सांगितले: हिज्कीया राजाने त्याला मारले नाही, तो देवाला शरण गेला आणि अरिष्ट टळले. हे यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. न घडलेले भाकीत त्या लोकांनी पाठ करून ठेवले होते आणि एका माणसाचा जीव वाचवायला वापरले. संदेष्ट्याचे बोलणे हे पंचांगातले ग्रहण नव्हे; माणसे वळली तर तो इशारा मागे घेतला जातो, हे यिर्मयाने अठराव्या अध्यायात सरळ सांगून टाकले आहे. योनाचे पुस्तक तर उभेच या गोष्टीवर आहे.

दानीएलाबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने लिहिले की हे पुस्तक अंतियोख राजाच्या जुलमाच्या काळातले, म्हणजे ख्रिस्तपूर्व १६० च्या दशकातले आहे. त्याला उत्तर म्हणून जेरोमने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भाष्य लिहिले, आणि पोर्फिरीचे म्हणणे आज आपल्याला मुख्यतः त्या उत्तरातूनच कळते. आजचे बहुसंख्य अभ्यासक पोर्फिरीच्या बाजूला आहेत. माझी अट मी स्वतःलाही लावतो. ग्रीक राजांबद्दल दानीएलात जे आहे, त्याच्या आधीची पोथी माझ्याकडे नाही, म्हणून त्याचा पुरावा मी मागत नाही आणि देतही नाही. भविष्यपुराणाला एक माप आणि दानीएलाला दुसरे, असे मी करणार नाही.

राहिले मोघमपणाचे. नॉस्त्रादामुसला तो लागू आहे. त्रेपन्नाव्या अध्यायाला नाही.

शिष्यांनी चरित्र बेतले, हा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो अर्धा मला मान्य आहे. जखऱ्याने सांगितल्याप्रमाणे येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेमात आला. पण ते वचन ठाऊक असलेल्या कोणालाही तसे येता आले असते. ती येशूने लोकांपुढे केलेली स्वतःविषयीची घोषणा होती. पुरावा म्हणून ती मोजणे मला रुचत नाही. बेथलेहेमच्या जन्माबद्दलही, शुभवर्तमानाबाहेरचा साक्षीदार आपल्याकडे नाही. पण क्रुसाचे काय? पंतय पिलाताच्या हाताखाली ख्रिस्ताला देहान्ताची शिक्षा झाली, हे रोमन इतिहासकार तासितुसने लिहून ठेवले आहे, आणि त्याला ख्रिस्ती लोकांचे जराही प्रेम नव्हते. गुरूचा शेवट रोमन सैनिकांकडून असा व्हावा, हे कुठल्याही शिष्याला जुळवून आणता येत नाही. शिवाय झाडावर टांगलेला माणूस शापित, असे अनुवादाचे एकविसावे प्रकरण सांगते. क्रुसावर मेलेला मशीहा म्हणजे यहूद्यांना अडखळण, असे पौलानेच लिहिले आहे. लोकांच्या गळी उतरेल अशी गोष्ट रचायची असती, तर कोणी ही रचली नसती.

शंभर वर्षांनी, १३२ साली, सिमोन बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केले. अकिबासारख्या थोर रब्बीने त्याला मशीहा म्हटले. १३५ साली तो मारला गेला आणि त्याच्याबरोबर तो दावाही संपला. मेलेल्या मशीहाच्या बाबतीत असेच व्हायचे. येशूच्या बाबतीत मात्र पंचवीस वर्षांच्या आत करिंथच्या मंडळीला पत्र गेले होते, की तो शास्त्राप्रमाणे मेला आणि शास्त्राप्रमाणे उठला, आणि ही गोष्ट पौलाला स्वतःलाही आधीच्यांकडून मिळालेली होती.

माझ्याच घरच्या काही लोकांनी हे सगळे गणितात घातले आहे. अमुक इतकी भविष्ये एका माणसात योगायोगाने खरी ठरण्याची शक्यता काढायची, सतरा शून्ये फळ्यावर मांडायची आणि ऐकणाऱ्याला गप्प करायचे. प्रत्येक वचनाला दिलेला आकडा मुळात कोणी मनानेच ठरवलेला असतो. त्यांचा गुणाकार केल्याने ते खरे होत नाहीत. याहून वाईट ते, जे वर्तमानपत्र एका हातात आणि प्रकटीकरण दुसऱ्या हातात घेऊन शेवटाची तारीख सांगतात. १८४४ च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत हजारो भाबडी माणसे आभाळाकडे डोळे लावून बसली होती. अशा लोकांनी प्रतिपक्षाचे काम फार सोपे करून ठेवले आहे, आणि आमच्या गृहस्थांनी त्यांनाच ख्रिस्ती विचार समजून झोडपले आहे.

एका आक्षेपाला मी मान देतो, आणि तो आमच्या गृहस्थांना सुचलेला नाही. यहूदी म्हणतात, त्रेपन्नाव्या अध्यायातला हा दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्रच. ओरिगेनला तिसऱ्या शतकात यहूदी विद्वानांनी हेच सांगितले, अकराव्या शतकात राशीनेही हाच अर्थ घेतला. त्यांना आधार आहे: एकेचाळिसाव्या आणि एकोणपन्नासाव्या अध्यायात सेवकाला इस्राएल असे म्हटलेच आहे. ज्या लोकांनी इतक्या पिढ्या इतके सोसले, त्यांनी ते पान वाचून स्वतःला ओळखावे, हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाने हलक्याने घेऊ नये. पण एकोणपन्नासाव्यातच हा सेवक इस्राएलाला परत आणणारा आहे, आणि त्रेपन्नाव्यात तो आपल्या लोकांच्या अपराधांसाठी मारला जातो. राष्ट्र स्वतःच स्वतःसाठी मेले, असा अर्थ मला लावता येत नाही.

माझे स्वतःचे म्हणणे यापुढे थोडेच आहे. एकोणपन्नासाव्या अध्यायात त्या सेवकाला सांगितले आहे, की तुझ्या लोकांपुरते काम तुला थोडे आहे, तू सर्व राष्ट्रांना प्रकाश होशील. ज्याचा तिरस्कार झाला त्याच्याकडून हे व्हायचे होते. हे कुठल्याही शुभवर्तमानकाराला बेतता येत नाही, कारण ते त्याच्या मरणानंतर घडले आणि अजून घडते आहे. आपल्याकडचेच पाहा. कोकणात कित्येक शतके यशयाच्या देवाला ओळखणारी घरे तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल यहूद्यांची होती. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. अब्राहामाच्या देवाचे नाव इस्लामनेही सगळीकडे नेले, हे मी विसरत नाही. पण यशयाचे पुस्तक शास्त्र म्हणून ज्यांच्या हाती आले, त्या मराठी शेतकऱ्यांच्या, महारांच्या, मांगांच्या, ब्राह्मणांच्या घरांत ते एका क्रुसावर मारलेल्या यहूद्यामुळेच आले. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, बाहेर पडले. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणावे, पण दुसरे स्पष्टीकरण द्यावे. आमच्या गृहस्थांनी ते दिलेले नाही.

आणि जे घडलेले नाही, तेही मी लपवत नाही. तलवारींचे नांगर होतील, राष्ट्रे युद्ध शिकायची थांबतील, असे यशयाच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. मशीहा आला असेल तर हे कुठे आहे, असे यहूदी विचारतात, आणि त्यांना तसे विचारायचा हक्क आहे. तो पुन्हा येईल तेव्हा ते होईल, हे माझे उत्तर. त्याला पुरावा नाही. ज्याने त्रेपन्नावा अध्याय खरा केला त्याच्या शब्दावर मी ते मानतो, आणि ते झाले नाही तर मी मानतो ते खोटे ठरेल, हेही मला मान्य आहे.