नववे पत्र कोणी वाचायचे?

अमेरिकेच्या स्वप्नाची पहिली मोठी जाहिरात एका स्थलांतरितानेच लिहिली. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात जन्मलेला क्रेव्हकर न्यूयॉर्क वसाहतीत येऊन शेतकरी झाला, आणि १७८२ साली लंडनमध्ये त्याचे ‘लेटर्स फ्रॉम ॲन अमेरिकन फार्मर’ हे पुस्तक निघाले. जेम्स नावाच्या काल्पनिक शेतकऱ्याची ही पत्रे. त्यांतले तिसरे पत्र जगभर गाजले. युरोपात ज्याला हक्काची वीतभर जमीन नव्हती, सरदारापुढे वाकण्यात आणि धर्मपीठाची पट्टी भरण्यात ज्याच्या पिढ्या सरल्या, तो इथे येतो, आपले शेत नांगरतो आणि घामाचे मोल आपल्याच घरात आणतो. इंग्रज, आयरिश, जर्मन, डच, स्वीडिश अशा साऱ्यांतून इथे एक नवा माणूस घडतो, असे ते पत्र सांगते. ही जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न त्या आनंदात कोणी विचारला नाही.

त्याच पुस्तकात नववे पत्र आहे. दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ जेम्स एका मळेवाल्याकडे जेवायला निघाला आहे. वाटेत रानात झाडाला टांगलेला पिंजरा दिसतो. आत एक काळा गुलाम मरणाची वाट पाहत पडला आहे; पक्ष्यांनी त्याचे डोळे टोचून काढले आहेत. तो पाणी मागतो. जेम्स पाणी पाजतो, आणि पुढे जेवणाच्या घरी जातो. तिथे त्याला कळते की, या गुलामाने मुकादमाला मारले होते, आणि मालकांच्या जिवाची सुरक्षितता हवी तर अशी शिक्षा द्यावीच लागते. पेनसिल्व्हेनियातल्या जेम्सच्या स्वतःच्या शेतावरही काळी माणसे राबतात, हे तो आधीच्या एका पत्रात सहज सांगून गेलेला असतो.

पुस्तक एक, लेखक एक. पण जगाने तिसरे पत्र पाठ केले आणि नववे मिटून ठेवले. माझा पहिला आरोप याच वाचनावर आहे. या दोन पत्रांत विसंगती नाही. एकाची संधी ज्याच्या पाठीवर उभी होती, तो माणूस नवव्या पत्रात दिसतो, इतकेच.

बेंजामिन फ्रँकलिनचे उदाहरण घ्या. बाप इंग्लंडहून आलेला, मेणबत्त्या आणि साबण करणारा. मुलगा बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात कराराने बांधलेला उमेदवार. १७२३ साली, सतराव्या वर्षी, तो करार मोडून पळाला आणि फिलाडेल्फियात येऊन पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याचे आत्मचरित्र म्हणजे हिमतीवर वर येणाऱ्यांची पोथीच. पण याच फ्रँकलिनच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये पळून गेलेले नोकर आणि गुलाम पकडून देण्याच्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या जात. स्वतः पळाला तो पराक्रम ठरला. दुसरा पळाला तर त्याच्यावर बक्षीस लागले. १७५१ साली त्याने पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या जर्मनांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. बहुतेक जर्मन त्याच्या लेखी पुरेसे गोरेसुद्धा नव्हते. स्थलांतरिताचा मुलगा नव्या स्थलांतरिताला नाके मुरडत होता!

त्या जर्मनांची कहाणीही ऐका. गॉटलिब मिटलबर्गर १७५० साली फिलाडेल्फियाला गेला, चार वर्षांनी परतला आणि १७५६ साली त्याने प्रवासवर्णन छापले. बोटीचे भाडे ज्यांना भरता आले नाही त्यांना उतरू दिले जात नसे. खरेदीदार बोटीवर येत, माणसे पारखत आणि भाड्याच्या बदल्यात त्यांना काही वर्षांसाठी कामाला बांधून घेत. आईबाप पोटची मुले कामाला बांधून देत आणि स्वतः मोकळे होत. अर्ध्याहून अधिक वाट संपल्यावर नवरा वारला, तर बायकोला दोघांच्या वाट्याची वर्षे भरावी लागत. या गोऱ्यांच्या कराराला निदान शेवट होता. काळ्यांच्या वाट्याला तोही नव्हता.

गुणांची कदर होते, असे सांगणाऱ्यांनी फिलिस व्हीटलीचे नाव ध्यानात ठेवावे. १७६१ साली आफ्रिकेतून आणलेली सात-आठ वर्षांची पोर बॉस्टनच्या एका कुटुंबाने विकत घेतली. ज्या जहाजातून आली त्याचेच नाव तिला मिळाले. पुढे ती उत्तम इंग्रजी कविता लिहू लागली. १७७३ साली तिचा संग्रह लंडनमध्ये निघाला, तेव्हा त्याला बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांचे प्रशस्तिपत्र जोडावे लागले की, या कविता हिनेच लिहिल्या आहेत. कोणत्या गोऱ्या कवीला असा दाखला आणावा लागला होता? पुढे ती गुलामीतून सुटली, पण दुसऱ्या संग्रहाला पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. १७८४ साली, वयाच्या तिशीच्या आसपास, ती दारिद्र्यात मेली.

म्हातारपणी फ्रँकलिनची दृष्टी बदलली, हे त्याच्या पदरात घातलेच पाहिजे. गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष म्हणून फेब्रुवारी १७९० मध्ये त्याने काँग्रेसकडे अर्ज केला. मार्चमध्ये काँग्रेसने तो बाजूला सारला, आणि त्याच महिन्यात नागरिकत्वाचा पहिला कायदा केला: बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व मिळेल ते फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला. तिसऱ्या पत्रातला नवा माणूस कायद्यात उतरला, तेव्हा त्याच्या कातडीचा रंगही लिहिला गेला.

आता आपल्याकडे वळू. १९१३ साली अमेरिकेत गेलेल्या आणि तिथल्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा दावा १९२३ साली सर्वोच्च न्यायालयात आला. हा अन्यायी कायदा मोडा, असे म्हणण्याची संधी होती. त्यांच्या बाजूने वेगळाच युक्तिवाद झाला: आम्ही उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, म्हणून गोऱ्यांतच जमा, आमचे उच्चवर्णीयही खालच्यांशी बेटीव्यवहार करत नाहीत. न्यायालयाने दावा फेटाळलाच, आणि आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचे नागरिकत्वही पुढे काढून घेण्यात आले. दुसऱ्याच्या तुडवणुकीत भागीदारी मागून आपली सुटका होत नसते, हा धडा आपण तेव्हा फुकट घालवला.

तो आजही फुकटच चालला आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाला खऱ्या अर्थाने उघडले, ते काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने बदललेल्या हवेत. त्या दारातून आपले डॉक्टर गेले, इंजिनियर गेले, मराठी मंडळे उभी राहिली. आणि २०२३ साली सिअॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, कॅलिफोर्नियात तसे विधेयक आले, तेव्हा विरोधाला मोठ्या आवाजात कोण उभे राहिले? भारतीय वंशाच्याच संघटना. कॅलिफोर्नियाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. आमच्यात जातच उरली नाही, असे सांगणाऱ्यांना जातिभेदाच्या बंदीची भीती का वाटावी?

अमेरिकेकडून काय घ्यावे, हे पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाला अचूक कळले होते. जोतिराव फुल्यांनी मानवी हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचला. पेनही स्थलांतरितच, १७७४ साली फ्रँकलिनचे शिफारसपत्र घेऊन तो फिलाडेल्फियाला उतरला होता. १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापताना जोतिरावांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या अर्पणात तिथल्या संपत्तीचे किंवा चालून आलेल्या संधीचे कौतुक नाही. काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्यांनी स्वतः झळ सोसली, त्यांचे ऋण त्यात मानले आहे.

आपल्या मुलांना परदेशी पाठवण्यात गैर काहीच नाही. पण त्यांच्या बॅगेत फक्त फ्रँकलिनची पोथी घालाल, तर ती मुले तिथे जाऊन स्वतःच्या हुशारीची आरती ओवाळतील आणि मागून येणाऱ्याला त्याची पायरी दाखवतील. त्यांना ‘गुलामगिरी’ द्या, नववे पत्र द्या. जी संधी दुसऱ्याला नाकारून टिकते ती लूट असते, हे घरातून निघण्याआधी त्यांना समजले पाहिजे. आणि ते समजावण्याआधी आपल्या घरात कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले आहे, हे आईबापांनी मोजले पाहिजे.