कसर कुणी मोजायची?

गेल्या शनिवारी एका छोट्या वस्तुसंग्रहालयाच्या समितीपुढे मी बोलायला उभा राहिलो. विषय: किडे. दहा मिनिटं मिळाली होती. सहाव्या मिनिटाला एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? मग किडे मोजताय कशाला? मारायचं बघा की!" सगळे हसले. मीपण हसलो. चहा आला, विषय संपला.

घरी येताना पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मला सगळी उत्तरं सुचली. नेहमीप्रमाणे, उशिरा. ती इथे उतरवून काढतोय. संग्रहालयाचं नाव सांगणार नाही, कारण नाव सांगितलं की चर्चा नावाचीच होते. आणि हे दुखणं एका ठिकाणचं नाहीच मुळी.

तर सुरुवातीपासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी दर शनिवारी तिथे जायला लागलो, वस्तूंची यादी कॉम्प्युटरवर चढवायला. एक दिवस लाकडी पेटीतून एक जुनी लोकरीची शाल बाहेर काढली. घडी उलगडली तर किनारीला भोकंच भोकं, आणि घडीत बारीक केसाळ काती. मी विचारलं, इथे पेस्ट कंट्रोल होतं ना? होतं तर! रजिस्टर आलं. दर तीन महिन्यांनी एक ओळ: "औषध फवारणी केली." खाली सही. दोन वर्षांच्या आठ ओळी, आठ सह्या. म्हणजे कागदोपत्री शाल एकदम ठणठणीत होती.

इथेच माझं पहिलं भांडण आहे. ही नोंद फवारणीची आहे, किड्यांची नाही. किती किडे होते, कुठे होते, कुठले होते, फवारणीनंतर कमी झाले का, यातलं एक अक्षर तिथे नाही. आपल्या ऑफिसात कुणी "सर्व्हर रिस्टार्ट केला" एवढीच ओळ दर तीन महिन्यांनी लॉगमध्ये लिहिली आणि त्याला मॉनिटरिंग म्हटलं, तर आपण त्याला काय म्हणू? असो.

किडे मोजायची पद्धत अगदी साधी आहे. पुठ्ठ्याचा छोटा तंबू, आत चिकट पट्टी. झुरळांसाठी दुकानात मिळतो त्याच जातीचा. किडे भिंतीच्या कडेने चालतात, म्हणून तो भिंत आणि जमीन मिळते तिथे, दाराजवळ, खिडकीखाली, कपाटामागे ठेवायचा. त्यावर नंबर आणि तारीख टाकायची. ठरलेल्या दिवशी उचलून बघायचा: कोण अडकलंय, किती. लिहायचं, गरज असेल तर नवा ठेवायचा. हा सापळा किडे संपवायला नसतो. तो थर्मामीटर आहे. थर्मामीटरने ताप उतरत नाही, म्हणून कुणी तो फेकून देत नाही.

आता "किडे" हा शब्दच फसवा आहे. कसर कागदावरची खळ, चिकी आणि खुद्द कागदही खाते, आणि तिला ओल लागते. पुस्तकांवर फिरणाऱ्या बारीक पांढुरक्या उवा बुरशीवर जगतात. त्या दिसायला लागल्या तर फवारणी सोडा, आधी खोलीतली ओल बघा. लोकर, पिसं, कातडं खातात ते कार्पेट बीटल नावाच्या भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या. त्याचे प्रौढ भुंगेरे मात्र फुलांतले पराग खातात आणि उजेडाकडे उडतात, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर मरून पडलेले सापडतात. आणि आपल्या स्वयंपाकघरात हळदीला, मसाल्याला लागणारा तपकिरी भुंगेरा पुस्तकंही पोखरतो. खाणं वेगळं, येण्याची वाट वेगळी, उपाय वेगळा. सगळ्यांना एकच फवारा म्हणजे ताप, पोटदुखी आणि फ्रॅक्चरला एकच गोळी.

मी बावीस सापळे आणले. खर्च म्हणाल तर मित्रांबरोबरच्या एका शुक्रवारच्या जेवणाएवढा. आणि मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. मोठ्ठी सिस्टीम बांधली! वेब फॉर्म, लॉगिन, चौदा रकाने, जातींची लॅटिन नावांची ड्रॉपडाऊन. दोन महिन्यांत किती नोंदी झाल्या? तीन. त्यातल्या दोन मीच केलेल्या. तिथल्या काकांना लॅटिन नावांत रस नव्हता, आणि का असावा?

मग अक्कल आली. एसक्यूलाइटची एक फाइल, चार टेबलं. जागा, सापळा, तपासणी, सापडलेले किडे. काकांसाठी एक छापील कागद, पाच चित्रं आणि "माहीत नाही, फोटो काढला" असा सहावा रकाना. बस्स. मी शनिवारी तो कागद भरून घ्यायचो.

यात अवघड काय होतं ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पहिली गोष्ट, जागा आणि सापळा वेगळे ठेवायचे. सापळा बदलतो, जागा तीच राहते. "हॉल नंबर दोन"चं उद्या कुणाच्या तरी नावाने दालन होतं, पण भिंत तीच असते. दुसरी, सापळा किती दिवस मांडून ठेवला होता ते हवंच. तीस दिवसांत चार आणि नव्वद दिवसांत चार या दोन वेगळ्या बातम्या आहेत. तिसरी, अळी आणि प्रौढ वेगळे मोजायचे. प्रौढ बाहेरून उडत आलेला पाहुणा असू शकतो, अळी म्हणजे तो इथेच जेवतोय. चौथी, सापळा हरवू शकतो. आमच्याकडे झाडणाऱ्या मावशी दर आठवड्याला दोन-तीन सापळे कचरा समजून टाकून द्यायच्या. चूक त्यांची नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर "खिडकीपाशी जास्त मिळतात बघा" हे मला त्यांनीच सांगितलं.

आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. शून्य आणि नल. (दमयंतीचा नव्हे, डेटाबेसातला.) शून्य म्हणजे बघितलं, काही नव्हतं. नल म्हणजे बघितलंच नाही. रजिस्टरातली रिकामी चौकट या दोघांना एकाच पंक्तीला बसवते, आणि वर्षाच्या शेवटी अहवालात दोघांचं मिळून एकच वाक्य होतं: "कीटकांचा प्रादुर्भाव आढळला नाही." मंडळी, आढळला नाही की शोधलाच नाही? माझा सगळा वाद या एका प्रश्नाचा आहे.

चार महिन्यांत लोकर खाणाऱ्या अकरा अळ्या मिळाल्या. त्यातल्या नऊ एकाच जागी, सापळा नंबर चौदा. शालीच्या पेटीपासून चार हातांवर, वर झरोका. काकांनी शिडी लावली. झरोक्यात पारव्यांचं घरटं! पिसं, मेलेलं पिल्लू, सगळा बाजार. कार्पेट बीटलचं मूळचं घर बऱ्याचदा पक्ष्यांच्या घरट्यातच असतं, तिथून ते आपल्याकडे उतरतात. फवारणीवाला दर तीन महिन्यांनी खालच्या फरशीवर इमानदारीने औषध मारत होता, आणि मूळ डोक्यावर बसून घुमत होतं. घरटं काढलं, झरोका साफ केला, जाळी बसवली. पुढच्या सहा महिन्यांत तिथे एक अळी मिळाली. एवढ्याशा आकड्यांवर रिसर्च पेपर लिहिता येत नाही, मान्य. पण जाळी बसवता येते.

हे काही माझं संशोधन नाही हो. ब्रिटनमध्ये डेव्हिड पिनिगर यांच्यासारख्या कीटकतज्ज्ञांनी संग्रहालयांना हेच शिकवण्यात आयुष्य घातलं. युरोपात २०१६ पासून यासाठी रीतसर मानक आहे, ईएन १६७९०. इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २०१७ साली लोकांनाच कसरीच्या पतंगाचे सापळे फुकट वाटले आणि घरी काय सापडलं ते कळवायला सांगितलं. पाच वर्षांत आपल्या वास्तूंमधले हे पतंग दुप्पट झाले, असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं. आपल्याकडचा सभासद हे वाचून म्हणेल, बघा, सापळे लावूनही दुप्पट झाले! अहो, पण "दुप्पट" म्हणता आलं कारण आधीचा आकडा होता. आपल्याकडे दुप्पट झाले की निम्मे, हे सांगायला कुणाच्या बापाकडे आकडा आहे?

"मारायचं बघा" याचा इतिहासही ऐका. विसाव्या शतकात जगभरच्या संग्रहालयांनी आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, डीडीटी असं काय काय वस्तूंना चोपडलं. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानंतर आदिवासी जमातींना त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळू लागल्या, तेव्हा त्यातल्या काहींवर आर्सेनिक निघालं. ज्या वस्तू लोक अंगावर घालणार, विधीत वापरणार, त्या विषारी. आणि कुठल्या वस्तूला कधी काय लावलं, याची नोंद बहुतेक वेळा नव्हतीच. म्हणजे विष वस्तूत राहिलं, रजिस्टरात नाही. आज अनेक ठिकाणी लागण झालेली वस्तू प्लास्टिकमध्ये बंद करून उणे तीस अंशांवर तीनेक दिवस किंवा उणे अठरावर दोन आठवडे ठेवतात. विष शून्य. (प्रत्येक वस्तूला हे चालत नाही, तज्ज्ञाला विचारूनच करायचं.) पण त्यासाठी कुठली वस्तू, हे आधी कळायला हवं. आलं ना परत मोजण्यावर?

आता आपल्या लोकांकडे वळतो, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. हे ऐकल्यावर माझ्या टीममधल्या तिघांनी एकाच दिवशी एकच आयडिया दिली: कॅमेरा लाव, एआयने किडा ओळख, डॅशबोर्ड कर. राव, जिथे सापळा महिन्यातून एकदा बघायला माणूस मिळत नाही, तिथे कॅमेऱ्याची लेन्स पुसायला कोण येणार? अडचण ओळखण्याची नाहीये, बघण्याची आहे. आणि असल्या स्टार्टअपी उत्साहाचा एक तोटा असा, की संस्थेला वाटतं हे काम महागडं आहे, अनुदान आलं की करू. हे काम आज, वही-पेन्सिलीने सुरू करता येतं. रकाने नीट आखले तर डेटाबेस मागाहूनही भरता येतो. पण न केलेली तपासणी जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर मागाहून भरू शकत नाही.

दुसरी पळवाट म्हणजे डिजिटायझेशन. "सगळं स्कॅन झालं की प्रश्न मिटला." २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन निघालं, २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून जास्त हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतम् मिशन जाहीर झालं. छानच, व्हायलाच हवं. पण स्कॅन म्हणजे फोटो. आजोबांचा फोटो काढला म्हणून त्यांची औषधं बंद करत नाही आपण. आणि शालीचं, पगडीचं, चामड्याच्या ढालीचं काय स्कॅन करणार?

आपल्या गावात १९१० साली राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, १९१७ साली भांडारकर संस्था उभी राहिली. लोकांनी गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरं खाली उतरवून हा ठेवा जमवला. त्यांच्याकडे डेटाबेस नव्हता, लाल कापड आणि वेखंड होतं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू विनवणी करायचे, तेलापाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. त्या शेवटच्या कलमात आपण बसतो की काय, अशी मला हल्ली शंका येते.

समितीची मीटिंग संपल्यावर एक सभासद जिन्यात भेटले. भला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "तुमचं पटतं हो. पण आकडा लिहिला की विचारणा होते. सही केली की होत नाही." खरं कारण हे आहे. पैसा नाही, माणूस नाही, वेळ नाही, हे सगळं नंतरचं. अकरा अळ्या असं लिहिलं की वरचा विचारणार, अकरा कशा? म्हणून मग कुणी लिहीत नाही. आणि उपाय वरच्यांच्याच हातात आहे: ज्या संस्थेने अकरा लिहिले तिला शाबासकी द्या, आणि ज्या संस्थेने वर्षभर काहीच लिहिलं नाही तिला विचारा, "बघितलं होतं का?"

माझी मागणी एवढीच होती: महिन्यातला एक तास, काकांच्या ड्युटीत धरून, आणि वार्षिक अहवालात एक तक्ता. तो तक्ता शून्यांनी भरला तरी चालेल. नलने नको.

पुढच्या मीटिंगमध्ये परत मांडणार आहे. तोवर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका आणि मी बावीस सापळे उचलून बघतोय. तुमच्यापैकी कुणाच्या गावात, शाळेत, वाचनालयात जुना संग्रह असेल तर एक सकाळ जाऊन रजिस्टर मागून बघा. त्यात सह्या आहेत की आकडे?

बघा, पटतंय का. चूभूद्याघ्या.