धावपळ एजंटची, निवड आपली

घर घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो : 'कर्जासाठी एजंट गाठा, तो फुकट सगळे करतो. बँका इथून तिथून सारख्याच. आणि प्रकल्पाला बँकेची मंजुरी असली की कागद बघायचे कारणच नाही.' हे तिन्ही दावे चुकीचे आहेत, आणि ती चूक माणूस वीस वर्षे फेडत राहतो.

पहिला दावा 'फुकट'चा. एजंट तुमच्याकडून पैसे घेत नाही, कारण त्याचे कमिशन कर्ज देणारी संस्था देते, तेही कर्जाच्या रकमेवर. कर्ज मोठे तर कमिशन मोठे. एजंट प्रामाणिक असू शकतो. पण कमी कर्ज घ्या, असे सांगण्यात त्याचा तोटाच आहे.

दुसरा दावा, सगळ्या बँका सारख्या. 50 लाखांचे कर्ज, मुदत 20 वर्षे. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे 43,390 रुपये, नऊ टक्क्यांनी सुमारे 44,990. अर्ध्या टक्क्याचा फरक मुदतभरात पावणेचार लाखांच्या पुढे जातो. शिवाय 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी बदलत्या व्याजदराची गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. रेपो उतरला तर आपला दर कधी आणि किती उतरेल, हे म्हणूनच आधी विचारायला हवे.

तिसरा दावा सर्वांत घातक. बँकेचा वकील बँकेला बांधील असतो. तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का, ते पाहतो. नोएडातील आम्रपाली या बांधकाम समूहाच्या प्रकल्पांतही बँकांनी कर्जे दिली होती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाची स्थावर संपदा कायद्याखालील (रेरा) नोंदणी रद्द केली आणि अपूर्ण घरे बांधण्याचे काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवले. तोवर हजारो कुटुंबे ताब्याविना राहिली.

मग एजंट नकोच का? तसे मी म्हणत नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईकडे पगाराची पावती नसते, रिक्षामालकाकडे फॉर्म सोळा नसतो. अशांचे उत्पन्न कोणती संस्था कसे धरते, हे जाणकार एजंटला ठाऊक असते. ही मदत खरी आहे, ती जरूर घ्यावी. पण कर्ज कोणाचे घ्यायचे, हे त्याच्यावर सोपवू नये.

त्यासाठी स्वतः बँकेच्या शाखेत जा, एखाद्या गृहवित्त कंपनीत जा, एजंटचा प्रस्तावही घ्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदतकर्जांसाठी महत्त्वाच्या तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजासोबत प्रोसेसिंग फी, विमा यांसारखे खर्च धरून एकूण वार्षिक दर लिहिलेला असतो. तीन विवरणपत्रे शेजारी ठेवून तो आकडा ताडून पाहा. महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद वाचा आणि मालकीहक्काचा सर्च रिपोर्ट आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्या.

वकिलाची फी द्यायला जिवावर येते, हे मान्य. पण या साऱ्या व्यवहारात बँक, बिल्डर, एजंट यांपैकी कोणीही तुमच्या पैशावर तुमच्यासाठी नेमलेला नसतो. तसा एक तरी माणूस सहीच्या आधी आपल्या बाजूला उभा करा.