मासिकाचे नवे रूप व सभासदांचा हक्क

आपल्या संस्थेचे मासिक व सर्व पत्रव्यवहार यापुढे छापून न पाठविता मोबाइलवर धाडावा, अशी सूचना व्यवस्थापक मंडळापुढे आली आहे. कागद, छपाई व टपाल यांचा वाढता खर्च पाहता ती अवास्तव नव्हे. तथापि ती सरसकट स्वीकारण्यापूर्वी सभासद बंधूंनी थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम लाभाची बाजू पाहू. चाकणच्या बाजारात आज निघालेला कांद्याचा भाव मासिकातून पुढील महिन्यात कळून उपयोग काय? भाव, पावसाचा अंदाज व रोगकिडीचा इशारा यांस मोबाइलच योग्य. शिवाय महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या बाजूच्या कित्येक जमिनी औद्योगिक क्षेत्रात गेल्या व काही कुटुंबे भोसरी-चिंचवडकडे राहावयास गेली. पत्ता बदलला की टपालाचा अंक चुकतो. मोबाइल मात्र माणसाबरोबर जातो.

परंतु मोबाइल कोणाचा, हा प्रश्न उरतोच. पुष्कळ घरांत तो कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो आणि खातेदार वडील घरी ओट्यावर बसलेले असतात. निरोप पोहोचल्याची खूण उमटते. पण ज्यास कळावयास हवे, त्यास कळत नाही. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये पंधरा दिवसांची मुदत असते. जेथे जमिनीचा सौदा गुंठ्यावर होतो, तेथे पंधरा दिवसांचे अज्ञान किती महाग पडते, हे चाकणकरांस सांगावयास नको. संस्थेच्या सभेची नोटीस, ताळेबंद व मतदारयादी यांचेही तसेच आहे.

आमची उमेदीची वर्षे महसुली खात्यात कारकुनी करण्यात गेली. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढताना कोठे नाव गळाले, कोठे क्षेत्राचा आकडा फिरला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच संगणकातील उतारे चावडीवर वाचून खातेदारांकडून चुका मागवाव्या लागल्या व कलम १५५ खाली दुरुस्त्या कराव्या लागल्या. सन २०१८ च्या १ मेपासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याकडे घालावे लागणारे खेटे वाचले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र त्या उताऱ्यावर विश्वास बसला, तो जुन्या दप्तराशी ताडून पाहिल्यामुळे. नुसता पडद्यावर आल्यामुळे नव्हे.

सबब आमचे म्हणणे येणेप्रमाणे. भाव, हवामान व किरकोळ सूचना खुशाल मोबाइलवर याव्यात. सभेची नोटीस व ताळेबंद मात्र मोबाइलवर व कागदावर, दोन्ही प्रकारे मिळावेत. मासिक कोणत्या रूपात हवे, हे प्रत्येक सभासदास विचारून लिहून घ्यावे. तो गप्प राहिला म्हणजे कागद नको म्हणाला, असे समजू नये. एकदा निघालेल्या अंकात मागाहून फेरबदल करू नये. चूक आढळल्यास दुरुस्ती पुढील अंकी द्यावी. आणि प्रत्येक अंकाच्या दोन छापील प्रती संस्थेच्या कपाटात कायम राहाव्यात.

खर्च वाचविणे हे मंडळाचे कर्तव्यच आहे. पण वाचलेला पैसा जर वृद्ध सभासदाच्या हक्काचा असेल, तर त्यास काटकसर म्हणता येणार नाही. येत्या वार्षिक सभेत या गोष्टीचा निर्णय व्हावा, अशी आमची विनंती आहे.